तांब्याची चकती आणि काशिनाथमामांचा हात

दहिवलीत मला ‘बंदुकवाल्या बाई’ म्हणतात. आमच्या आळीत नवीन राहायला आलेली माणसं पहिले काही दिवस माझ्याशी जपून बोलतात. मी कुणाला खुलासा करत नाही. सोसायटीच्या बैठकीत त्याचा थोडा उपयोग होतो.

खरं सांगायचं तर मी खालापूरच्या एका छोट्या कारखान्यात चोवीस वर्षं तपासनीस होते. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते, आणि त्या पदवीचा उपयोग होईल अशी कर्जत-खालापूर भागात दुसरी जागा नव्हती. आम्ही अकरा जण इलेक्ट्रॉन गन तयार करायचो. तिच्यातून गोळी सुटत नाही. इलेक्ट्रॉन सुटतात, आणि पुढे त्वरक नावाचं मोठं यंत्र त्यांना वेग देतं. आमची गन म्हणजे त्या यंत्राचा पहिला हातभर भाग. बाकीचं यंत्र इमारतीएवढं असतं आणि त्याचेच फोटो छापून येतात.

या गनच्या पोटात एक तांब्याची चकती बसवतात. दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा जरा मोठी. तिच्यावर लेसरचा एक अगदी छोटा झोत मारला की तांब्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. ही चकती आमच्याकडे काशिनाथ विरले तयार करायचे. ते पोशीरचे. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा, आमचे मालक प्रभुदेसाई साहेबसुद्धा, आणि साहेब वयाने त्यांच्यापेक्षा मोठे होते.

मामा सातवी शिकलेले. चकती हाताने घासायचे. आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक हिऱ्याच्या भुकटीचा लेप घ्यायचा आणि मखमलीच्या तुकड्यावर अंगठ्याखाली चकती फिरवत राहायची, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी. सरळ घासलं तर एकाच दिशेला रेघा पडतात, म्हणून आठ. एका चकतीला दीड दिवस. शेवटी ते चकती तिरकी धरून मला हाक मारायचे, “पोरी, वाच गं.” समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची आजची तारीख चकतीत उलटी वाचता आली की चकती झाली. त्यानंतर मी ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे. मामांच्या वाचनात आणि माझ्या तपासणीत पहिल्या सतरा वर्षांत कधी फरक पडला नव्हता.

सात-आठ वर्षांपूर्वी एका सरकारी प्रयोगशाळेने आमच्याकडे नव्या धर्तीची गन मागितली. त्यांच्या प्रमुख डॉ. रेवती सबनीस. वय पस्तिशीच्या आसपास, बोलणं हळू, आणि एकदा सांगितलेलं पुन्हा न सांगण्याची सवय. त्यांना इलेक्ट्रॉनांचा झोत जास्त ‘ब्राइट’ हवा होता. कागदावर त्याला तेजस्विता म्हणतात. त्याचा डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाशी संबंध नाही, हे मी घरी तीनदा समजावलं आणि मग नाद सोडला. इथे एकदाच सांगते.

समजा, शाळेची प्रभातफेरी निघते आहे. घंटा झाली की शंभर पोरं एका दारातून बाहेर पडणार. ती चिकटून, एका चालीने, सगळी समोर बघत निघाली तर तो झोत ब्राइट. तीच शंभर पोरं गावभर पांगली तरी ती शंभरच असतात, पण फेरी राहत नाही. म्हणजे प्रश्न किती इलेक्ट्रॉन हा नाही. किती लहान जागेतून, किती एका दिशेने, हा आहे. त्यात इलेक्ट्रॉनांचं एकमेकांशी मुळीच पटत नाही, प्रत्येकाला दुसऱ्यापासून लांब जायचं असतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, दारात जी शिस्त बिघडली ती पुढे कुठलंही चुंबक लावून पूर्ण परत मिळत नाही. पुढच्या इमारतीएवढ्या यंत्राने फक्त आणखी बिघडू द्यायची नाही, एवढंच हातात असतं. म्हणून सगळं त्या चकतीवर.

नव्या गनमध्ये इलेक्ट्रॉनांना पांगायला वेळच मिळू नये म्हणून त्यांना बाहेर ओढणारं विद्युतक्षेत्र आमच्या जुन्या गनपेक्षा कितीतरी जोरकस ठेवलं होतं. हे लक्षात असू द्यावं. आमच्या लक्षात नव्हतं.

पहिली गन पोचवायला टेंपोत ड्रायव्हरशेजारी मी बसले. निवडणुकीचे दिवस होते. वाटेत नाक्यावर एका हवालदारांनी टेंपो बाजूला घेतला आणि मालाचं चलन वाचलं. त्यावर लिहिलं होतं: इलेक्ट्रॉन गन, नग एक.

“लायसन?”

“याला लायसन लागत नाही,” मी म्हटलं.

“गनला लायसन लागत नाय?”

“ही सरकारचीच आहे.”

“सरकारची गन टेंपोतून चाललीय?”

तशी ती चाललीच होती. त्यांनी गोळ्यांबद्दल विचारलं. मी म्हटलं, गोळ्या नाहीत, इलेक्ट्रॉन आहेत, आणि ते तिथे गेल्यावर चकतीतून निघतील. हे मी सांगायला नको होतं. त्यांनी चकती बघायला मागितली. चकती नायट्रोजन भरलेल्या स्टीलच्या डब्यात बंद होती, आणि तो डबा प्रयोगशाळेच्या स्वच्छ खोलीबाहेर उघडायचा नाही असा नियम होता. हवालदारांचा नियम वेगळा होता. त्यांनी डबा उघडला, चकतीच्या बरोबर मधे बोट टेकवलं आणि सोबतच्या शिपायाला सांगितलं, “तांबं हाय.” मग वहीत नोंद केली. मी डोकावून वाचली. ‘बंदूक, तांब्याची, बिनगोळीची.’ आम्हाला जाऊ दिलं.

प्रयोगशाळेत चकती द्रावणांनी धुऊन बसवली. महिन्याभराने डॉ. सबनीसांचा फोन आला.

“घारे मॅडम, ठिपका पसरतोय. आणि लेसर बंद असतानाही इलेक्ट्रॉन येतायत.”

लेसर बंद असताना इलेक्ट्रॉन येणं म्हणजे घंटा न होताच काही पोरं खिडकीतून बाहेर पडणं. ती फेरीत तर नसतातच, वर फेरी बिघडवतात. प्रभुदेसाई साहेबांनी ऐकलं आणि एका शब्दात निदान केलं. “बोट.” ते सगळ्यांना पटलं. बोटाला तेल असतं, मीठ असतं. आमच्या कारखान्यात पुढचे दोन महिने त्या हवालदारांबद्दल जे बोललं गेलं ते मी इथे लिहीत नाही. माणसाने आपलं काम केलं होतं.

मामांनी दुसरी चकती घेतली. “ह्या खेपंला दोन दिस घासतो,” म्हणाले. दोन दिवस घासली. कॅलेंडरवरची तारीखच काय, खालची बारीक तिथीही वाचता आली. ती चकती मी मांडीवर ठेवून नेली. चलनावर ‘तांब्याचा भाग’ लिहिलं होतं, कुणी अडवलं नाही. निकाल पहिल्यापेक्षा वाईट आला.

तिसऱ्या चकतीला मामांनी तीन दिवस दिले. जेवायलाही उठायचे नाहीत, मामीने दिलेला डबा तसाच परत जायचा. निकाल दुसऱ्यापेक्षा वाईट.

आता डॉ. सबनीस स्वतः कारखान्यात आल्या. साहेबांच्या केबिनमध्ये त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, “चौथी चकती शेवटची. मग आम्हाला गन बाहेरून मागवावी लागेल. माझ्या हातात नाही.” नवं काम गेलं असतं तर जुन्या गनच्या मागणीवर अकरा माणसं चालणार नव्हती, हे आम्हाला ठाऊक होतं. जाताना त्या मला म्हणाल्या, “तुम्ही एकदा येऊन पडदा बघा. कदाचित तुम्हाला काही दिसेल.”

एका बुधवारी मी गेले. सतरा वर्षं चकत्या तपासल्या, पण झोत कधी बघितला नव्हता. तो दिसत नाही. त्याच्या वाटेत एक पडदा आडवा घालतात. इलेक्ट्रॉन आपटतील तिथे पडदा चमकतो आणि कॅमेरा त्याचा फोटो घेतो. डॉ. सबनीसांनी लेसर बंद केला. पडदा काळा व्हायला हवा होता. त्यावर बारीक बारीक ठिपके होते, चाळीसेक असतील.

“हे कुठून येतात ते कळत नाही,” त्या म्हणाल्या. “चकतीवर कसले तरी बारीक कण असावेत. इतक्या जोरकस क्षेत्रात प्रत्येक कण सुईच्या टोकासारखा वागतो, त्याच्या टोकातून इलेक्ट्रॉन आपोआप गळतात. पण धुतल्यावर कण राहतील कसे?”

मी ठिपक्यांकडे बघत होते. ते कसेही पसरलेले नव्हते. एका वळणावर होते. वळण मधे येऊन स्वतःला छेदत होतं आणि पलीकडे तसंच फिरून परत येत होतं. एखाद्याचं अक्षर ओळखावं तसं मी ते ओळखलं. तो मामांचा आठ होता.

मग सगळं उलगडलं. तांबं मऊ. हिरा कठीण. घासताना भुकटीतले काही कण तांब्यात रुतून बसायचे आणि वरून तांबं सारवल्यासारखं होऊन चकचकीत दिसायचं. धुऊन ते निघणार नाहीत, आमच्या सूक्ष्मदर्शकात दिसणार नाहीत. जुन्या गनमध्ये ओढ कमी, म्हणून ते कधी बोलले नव्हते. नव्या गनमध्ये बोलत होते. आणि निकाल वाईट आला की मामा आणखी घासत होते.

डॉ. सबनीसांनी विचारलं, “काही दिसलं?”

मी म्हटलं, “फोटो द्या. विचार करते.”

गुरुवारी सकाळी मी कारखान्यात गेले तेव्हा मामा चौथी चकती घेऊन बसले होते. मी माझ्या टेबलाशी बसले. ते मला समोर दिसायचे. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, शनिवार गेला. मला हे काम त्यांनीच शिकवलं होतं. तांबं हातात कसं धरायचं इथपासून. त्यांना कोणत्या शब्दांत सांगायचं ते मी शोधत होते, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे कुणीतरी दुसऱ्याने सांगावं याची वाट बघत होते.

रविवारी पोशीरला गेले. भाताची झोडणी चालली होती. मामा खळ्यावर फळीवर भारे आपटत होते, मामी पेंढा बाजूला रचत होती. तिने मला चहा आणून दिला. मामा अंग झटकत आले.

“आज इकडं कुठं गं पोरी?”

मी पिशवीतून फोटो काढून दिला. “पडद्याचा आहे. लेसर बंद केल्यावरचा.”

त्यांनी तो उन्हात धरला. आधी उलटा, मग सुलटा. मग त्यांचा उजवा अंगठा आपोआप फोटोवर फिरायला लागला, ठिपक्यांच्या वळणावरून. एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला आणि थांबला.

“ह्यो माजा हात हाय,” ते म्हणाले.

मी भुकटीचं, रुतण्याचं सांगितलं. ते फोटो हातात धरून ऐकत होते. सांगून झाल्यावर म्हणाले, “कवा कळलं तुला?”

“बुधवारी.”

“आज आयतवार.”

“हो, मामा.”

“तीन दिस मी घासत व्हतो. तू समोर बसून बगत व्हतीस.”

त्यांनी फोटो परत दिला, खळ्यावर गेले आणि भारा उचलला. मामीने मला जेवायला थांब म्हटलं. मी थांबले नाही.

सोमवारी मामांनी चौथी चकती, जवळजवळ झालेली, स्वतःच्या हाताने भंगाराच्या पेटीत टाकली आणि साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. साहेब चकती पेटीतून काढून बघत राहिले. “मामा, इतकी सुंदर चकती आहे.”

“सुंदर हाय,” मामा म्हणाले. “कामाची नाय. एक बिनघासलेली लावून बगा.”

त्या दिवसापासून ते मला बाई म्हणायला लागले. घारेबाई. तुमी. बोलण्यात राग नव्हता. माझ्याशी कोणी असं वागलं असतं तर मी निदान रागावले असते.

बिनघासलेली म्हणजे खडबडीत चालणार नव्हती. खडबडीत पृष्ठभागावरून निघालेले इलेक्ट्रॉन आडवेतिडवे जातात. हवी होती आरशासारखी, पण भुकटी न लावलेली. डॉ. सबनीसांनी पुण्याचा एक कारखाना शोधला. तिथे दुर्बिणींचे धातूचे आरसे बनतात. त्यांच्याकडे असा लेथ होता की त्याच्या हत्याराचं टोकच एका अखंड हिऱ्याचं. ते तांब्यावरून एकदा फिरतं, एक अतिशय पातळ साल काढतं आणि खाली आरसा राहतो. घासणं नाही, भुकटी नाही.

साहेब, मामा आणि मी, तिघे गेलो. लेथ काचेच्या थंड खोलीत होता. मामांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले. चकती लावली. तेलाचा बारीक फवारा सुरू झाला, हत्यार कडेपासून मध्यापर्यंत आलं. चहा प्यायला लागतो तेवढा वेळ गेला. मामांचे दीड दिवस तेवढ्यात संपले. चकती आमच्या कुठल्याही चकतीपेक्षा चकचकीत नव्हती. तितकीच होती. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मामा चकतीकडे बघत होते.

लेथवरच्या कामगाराने चकती काढली आणि सवयीने खिशातला मऊ फडका काढला. मामांनी त्याचं मनगट धरलं.

“नका.”

“काका, तेल आहे वर.”

“असू दे. धुतल्यावं जाईल. पुसू नका.”

“हलकंच पुसतो.”

“हलकंच मीबी पुसत व्हतो,” मामा म्हणाले.

कामगाराने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान हलवली. मामांनी मनगट सोडलं ते फडका खिशात गेल्यावर. मग चकती कडेने चिमट्यात धरून, तशीच तेलकट, त्यांनी धुवायच्या भांड्यात सोडली. धुणं, वाळवणं, नायट्रोजन भरून डबा बंद करणं, सगळं त्यांनी केलं. तोंडाला फडकं बांधून, आणि आम्हा दोघांना खोलीबाहेर काढून.

गनमध्ये चकती बसवल्यावर निर्वात करायला आणि विद्युतक्षेत्राची ताकद हळूहळू वाढवायला तीन आठवडे लागतात. मग डॉ. सबनीसांचा फोन आला. “या दोघं. विरलेमामांना घेऊन या.”

मामांनी प्रयोगशाळेत जाताना झोडणीनंतर शिवलेला नवा सदरा घातला होता. त्यांनीही झोत कधी बघितला नव्हता. नियंत्रण खोलीत त्यांना मधली खुर्ची दिली. डॉ. सबनीसांनी लेसर बंद केला. पडदा काळा झाला. मामांनी खिशातून चष्मा काढून लावला, पुढे वाकले.

“काय दिसत नाय.”

“हो,” डॉ. सबनीस म्हणाल्या. “काहीच दिसत नाही.”

“म्हंजे बरं झालं?”

“फार बरं झालं, मामा.”

त्यांनी लेसर सुरू केला. पडद्याच्या मधे एक ठिपका आला. गोल, कडा कापल्यासारखी. तिळाएवढाही नसेल.

“येवढाच?”

“एवढाच हवा होता. याच्यासाठी आम्ही दोन वर्षं थांबलोय.”

मामा तो ठिपका बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी परत लेसर बंद करायला सांगितलं. डॉ. सबनीसांनी केला. मामा काळ्या पडद्याकडेही तितकाच वेळ बघत बसले. कुणी घाई केली नाही. मी त्यांच्या मागे उभी होते, त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

काम आमच्याकडेच राहिलं. नव्या पद्धतीचं कार्यपत्रक लिहायचं काम साहेबांनी मला दिलं. कुठल्या क्रमाने काय करायचं ते त्यात असतं आणि कारखाना त्याच्याबाहेर जात नाही. जुन्या पत्रकात सातवं कलम होतं: ‘हाताने पॉलिश, का. विरले.’ सव्वीस वर्षं ते कलम कुणी बदललं नव्हतं. मी त्यावर रेघ मारली. ज्येष्ठ कारागीर म्हणून पत्रकावर मामांची सही लागायची, म्हणून कागद त्यांच्याकडे नेला.

त्यांनी पहिल्यापासून सगळं वाचलं, बोट ठेवून. रेघेपाशी थांबले.

“हितं काय येनार?”

“काही नाही, मामा. आठवं कलम सातवं होईल.”

“नको. सात राहू दे.” त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. “लिवा, बाई. कोनी पुसायचं नाय.”

मी लिहिलं: ‘७. चकती कोणीही कोणत्याही साधनाने पुसू नये.’ त्यांनी ते वाचलं, मान डोलावली आणि खाली सही केली, पूर्ण नावाची.

पुढची दोन वर्षं ते चकत्या धुऊन डबाबंद करायचे. त्या खोलीत साहेबांनाही प्रवेश नव्हता. मग निवृत्त झाले. आता पोशीरला शेती बघतात. मी दर दिवाळीला जाते. मामी जेवायला थांबवते आणि मी थांबते. मामा अजून मला बाईच म्हणतात.

कारखान्यात आता माझ्या जागी जी मुलगी आहे तिने मध्यंतरी फोन करून विचारलं, की मॅडम, सातवं कलम कशाला आहे, पुसण्याचा तर कुठे विषयच येत नाही. मी तिला म्हटलं, असू दे. एवढं मात्र वाटतं, की ते वाक्य मी सुधारायला नको होतं. त्यांनी सांगितलं तसंच लिहायचं होतं.